सव्वीस दिवसांचा मुक्काम

‘एवढ्या लांब जाऊन इतके दिवस केलंत तरी काय?’ हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत आम्हाला मोहल्ल्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, दोन लग्नांत आणि एका मय्यतीच्या घरीही विचारला गेला. उत्तर दिलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. कारण उत्तर असं आहे: बाजारात गेलो, भात शिजवला, नदीकाठी बसलो, चहा प्यायलो आणि परत आलो. ‘हे काय, दाभोळच्या जेटीवर बसून झालं नसतं?’ असं एक चाची म्हणाल्या. त्यांचं अगदीच चूक नाही. पण जेटीवर बसणं आम्हाला तेवीस वर्षांत जमलं नव्हतं, तो हिशोब आधी सांगायला हवा.

हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की आमचं ‘आम्ही’ मास्तरकीच्या सवयीचं आहे. वर्गात मुलांसमोर बोलतो तसंच इथे लिहितो. या महिन्यातलं ‘आम्ही’ मात्र बहुतेक ठिकाणी खरोखरच दोघांचं आहे. एक शाळेत उर्दू-मराठी शिकवणाऱ्या आणि दुसरे हे, मालवाहू जहाजावरचे चीफ कुक. लग्नाला तेवीस वर्षं झाली. नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने घरी, असा ह्यांचा नेम. तेवीस त्रिक एकोणसत्तर. म्हणजे तेवीस वर्षांच्या संसारात एका छपराखाली काढलेले महिने एकोणसत्तर, सहा वर्षंही धड भरत नाहीत. त्या तीन महिन्यांतलाही पहिला पाहुण्यांत जायचा, दुसरा घराची कौलं, बँक आणि तालुक्याच्या कचेरीत, आणि तिसऱ्यात बॅग भरायला सुरुवात. कोकणातल्या मुसलमान घरांना हे नवीन नाही. आमच्या वाडीत दर चौथ्या घरातला माणूस जहाजावर किंवा आखातात आहे.

जानेवारीत हे साइन ऑफ करून आले आणि म्हणाले, आता बास. फंडाचे पैसे मिळाले. त्यातले सहा लाख बाजूला काढून दक्षिण अमेरिकेला जायचं म्हटल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. मुलगी बारावीत आहे, तिच्या पुढच्या शिक्षणाचं काय? वरच्या मजल्याचा स्लॅब बाकी आहे. आणि एवढे पैसे आहेत तर उमरा का नाही? हज आम्ही अम्मींना घेऊन केलेला आहे, अल्हम्दुलिल्लाह. मुलीच्या फीचे पैसे वेगळे ठेवलेले आहेत. स्लॅब राहिला, तो राहिला. हे सगळं सांगूनही लोकांचं समाधान झालं नाही. नवरा-बायकोने नुसतं एकत्र राहायला पैसे खर्च करावेत, ही गोष्ट आपल्याकडे कुठल्याच खात्यात बसत नाही. औषधपाणी बसतं, लग्न बसतं, जियारत बसते.

तिथेच का, तेही सांगतो. ह्यांची जहाजं अर्जेंटिनातल्या रोसारिओला सोयाबीनची पेंड आणि गहू भरायला जात. वर नदीत नंबर लागेपर्यंत जहाज खाली मुखाशी नांगर टाकून थांबतं, कधी कधी कित्येक दिवस. समोर मॉन्टेव्हिडिओ शहर, उरुग्वेची राजधानी. बावीस माणसांचं रात्रीचं जेवण आटपून हे डेकवर येत, तेव्हा काठावर दिव्यांची लांबच लांब रांग दिसे. अनेक वर्षं दिसत राहिली. किनाऱ्यावर उतरायला मिळालं ते दोनदा, तेही दोन-दोन तास, सिमकार्ड आणि मिरची शोधण्यापुरतं. ‘एकदा त्या दिव्यांपाशी उभं राहून जहाजाकडे बघायचंय,’ एवढीच ह्यांची मागणी होती.

मुंबईच्या ट्रॅव्हल एजंटने चौदा दिवसांत चार देश असा कागद पुढे ठेवला. माचू पिचू, इग्वासूचा धबधबा, रिओ, सगळं होतं त्यात, आणि दर दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान. आम्ही तो कागद परत केला. दोन शहरं आणि मध्ये एक छोटं गाव, बस. ब्युनोस आयर्सला चौदा रात्री, कोलोनियाला तीन, मॉन्टेव्हिडिओला नऊ. हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेली खोली हवी. हलालचा प्रश्न होताच. अर्जेंटिना जगभर हलाल गोमांस पाठवतो, पण गल्लीतल्या हॉटेलात शेगडीवर चढलेलं मांस हलाल असेलच असं नाही. म्हणून मासे, अंडी, डाळ, भात, आणि चीफ कुक आपल्याच घरचे. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: अर्जेंटिना किंवा ब्राझीलहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो. ही लस ठरावीक सरकारी केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की आता ती आयुष्यभर चालते. ह्यांच्याकडे जहाजवाल्यांचं पिवळं कार्ड होतंच, सुई टोचली ती शाळेतल्या दंडाला.

मे महिन्यात आपण घामाने भिजत असतो तेव्हा तिकडे शिशिराची चाहूल असते. ब्युनोस आयर्सच्या रस्त्यांवर झाडांची पिवळी पानं पडलेली, सूर्य साडेसातनंतर उगवणारा आणि संध्याकाळी सहाच्या आत मावळणारा. दुपारी ऊन उत्तरेच्या खिडकीतून येई. घरी आपण नमाजला पश्चिमेकडे तोंड करतो, तिथे किब्ला पूर्वेकडे, किंचित उत्तरेला. पहिले दोन दिवस पाय आपोआप उलटे वळत. आम्ही शाफई. एका ठिकाणी चार दिवस किंवा जास्त राहायचं ठरलं की आमच्याकडे कसर नाही, नमाज पूर्ण. म्हणजे फिक्हच्या हिशोबाने ब्युनोस आयर्समध्ये आम्ही मुसाफिर नव्हतोच, मुक्कामी होतो. ह्यांना ही गोष्ट फार आवडली. तेवीस वर्षं जहाजावर नमाज कसर करत आलेला माणूस, म्हणाला, ‘चला, कुठेतरी पूर्ण पढायला मिळतेय.’

जुम्याला पालेर्मो भागातल्या किंग फहद इस्लामी केंद्रात गेलो. 2000 साली उघडलेलं हे केंद्र शहराच्या चांगल्या वस्तीत, मोकळ्या जागेत आहे. खुतबा अरबीत झाला, मग स्पॅनिशमध्ये. सीरिया-लेबनॉनमधून गेल्या शतकात तिकडे गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं बरीच दिसली. तिथले लोक त्यांना अजून ‘तुर्को’ म्हणतात, कारण त्यांचे पणजोबा उस्मानी सल्तनतीचे कागद घेऊन बोटीतून उतरले होते. बायकांसाठी वरच्या मजल्यावर प्रशस्त जागा होती. गावातल्या मशिदीत आम्ही आजवर जुम्याला पाऊल टाकलेलं नाही आणि त्यासाठी सात समुद्र ओलांडावे लागले, एवढं नोंदवून पुढे जातो.

सकाळी नाष्टा झाला की घरी फोन. भारत साडेआठ तास पुढे, त्यामुळे आमचा नाष्टा आणि अम्मींच्या मगरिबची वेळ एकच. अम्मी रोज विचारत, ‘आज काय बघितलात?’ आम्ही सांगायचो, ‘बाजार.’ दुसऱ्या दिवशीही बाजार. चौथ्या दिवशी अम्मी नणंदेला म्हणाल्या, ‘ह्यांच्याकडे पैसे संपले वाटतं.’

बाजार मात्र बघण्यासारखाच होता. भाजीवाल्याच्या पाटीवर ‘बटाटा’ असं स्वच्छ लिहिलेलं, आणि खाली ढीग रताळ्यांचा! तिथे बटाट्याला ‘पापा’ म्हणतात आणि ‘बटाटा’ म्हणजे रताळं. पोर्तुगीजांनी हा शब्द आपल्याकडे आणून दुसऱ्याच कंदाला चिकटवला. भाषा शिकवणाऱ्याला असा बाजार म्हणजे मेजवानी. साखरेला ‘असूकार’, तांदळाला ‘अरोस’, तेलाला ‘असेइते’. सुक्कर, अर्-रुज्ज, अज्-जैत ही आपली ओळखीची अरबी नावं, आठशे वर्षं स्पेनमध्ये राहून, अटलांटिक ओलांडून या टोपल्यांत बसलेली. एखादी गोष्ट व्हावी अशी इच्छा बोलताना तिथला माणूस ‘ओखाला’ म्हणतो. त्याच्या मुळाशी अल्लाहचं नाव आहे, हे म्हणणाऱ्यातल्या फारच थोड्यांना माहीत असतं. आणि आपल्या कोकणाचं वैभव असलेला काजू मूळचा ब्राझीलचा, तोही पोर्तुगीजांच्याच जहाजातून आला. शेंगदाणा, मिरची, टोमॅटो, बटाटा सगळे त्याच खंडांतले. तिकडची माणसं आमच्या डाळभाताच्या फोडणीकडे नवलाने बघत, आणि त्यातल्या अर्ध्या वस्तू त्यांच्याच मुलखातून आलेल्या.

महागाई आपल्यापेक्षा वाईट. 2023 साली तिथे वर्षभरात भाव तिपटीच्या वर गेले होते. दुकानदार अजून किंमत खडूने लिहितात. तरी संध्याकाळी पाच-सहाला कॅफे भरलेले, दोन म्हातारे एकेका कपावर तास-दीड तास बसलेले, आणि वेटर उठवायला येत नाही. एक दुपार आम्ही एल अतेनेओ नावाच्या पुस्तकांच्या दुकानात काढली. 1919 चं थिएटर आहे ते, आता खुर्च्यांच्या जागी पुस्तकांची कपाटं आणि रंगमंचावर कॅफे. एक अक्षर वाचता येत नसताना आम्ही तिथे तीन तास बसलो, तेव्हा ह्यांना कळलं असावं की घरात पुस्तकांवर होणारा खर्च कमी होण्यातला नाही.

एक दिवस लोकल पकडून सान इसिद्रोला गेलो. 1924 च्या नोव्हेंबरमध्ये रवींद्रनाथ टागोर पेरूला जायला निघाले होते. बोटीतच आजारी पडून ब्युनोस आयर्सला उतरले आणि डॉक्टरांनी पुढचा प्रवास बंद केला. व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेने त्यांची सोय सान इसिद्रोला नदीकाठच्या घरात केली. जानेवारीपर्यंत ते तिथेच राहिले. पेरू राहूनच गेलं. त्या मुक्कामात लिहिलेल्या कविता ‘पूरबी’ या संग्रहात आल्या आणि तो संग्रह त्यांनी या बाईंना अर्पण केला. आम्ही ती नदी बघायला गेलो होतो. रिओ दे ला प्लाता, म्हणजे चांदीची नदी. नाव चांदीचं, रंग आमच्या खाडीचा पावसाळ्यातला. समोरचा काठ दिसतच नाही. हे म्हणाले, ‘इथून वर जाताना पाणी इतकं गढूळ की जहाज चिखलातून चाललंय वाटतं.’ तेवीस वर्षांत त्यांनी आपल्या रस्त्याचं वर्णन असं बसून कधी केलं नव्हतं. फोनवर असायचं ते ‘खैरियत आहे’ आणि ‘पैसे पोचले का’.

एकत्र राहण्यातल्या गोष्टी पहिल्या आठवड्यातच दिसू लागल्या. हे पहाटे चारला उठतात आणि अंधारात बसून राहतात, कारण जहाजावर चारला भट्टी पेटवायची असते. दोन माणसांचा स्वयंपाक ह्यांना येतच नाही. डाळ टोपभर, भात परातीला पुरेल एवढा. मेर्लूसा नावाचा मासा तिकडे स्वस्त, त्याचं कालवण पहिल्या दिवशी केलं ते आम्ही तीन दिवस खाल्लं. दुसरीकडे, ह्यांना हे माहीत नव्हतं की त्यांची बायको तेवीस वर्षं गार चहा पितेय. अम्मींचा, मुलांचा, आल्यागेल्याचा देऊन होईपर्यंत स्वतःचा कप गार होतो. त्याची तक्रार कधी केली नव्हती, कारण ते तक्रार करण्यासारखं वाटलंच नव्हतं. ब्युनोस आयर्सच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गरम चहा हातात आला तेव्हा जीभ भाजली.

भांडण झालं ते कोलोनियात. ब्युनोस आयर्सहून फेरीबोटीने सव्वा तास. 1680 मध्ये पोर्तुगीजांनी वसवलेलं गाव, दगडी गल्ल्या, चिऱ्यांची बैठी घरं, वर कौलं. युनेस्कोच्या यादीत आहे, पण आमच्यासारख्या कोकणच्या माणसाला ओळखीचंच वाटतं. तिथे संध्याकाळी धक्क्यावर मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला. ती बाहेरगावी शिकायला जाणार म्हणते. हे म्हणाले, मला कुणी विचारलं नाही. आम्ही म्हटलं, ‘विचारणार कुणाला? तुम्ही नव्हतात.’ मुलाचा हात मोडला तेव्हा, अब्बा गेले तेव्हा, घरात गुडघाभर पाणी आलं तेव्हा, मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा, कधीच नव्हते. हे सगळं खरं आहे आणि हे पैसे मिळवायला गेले होते, हेही खरं आहे. मिनिटं मोजून होणाऱ्या फोनवर असलं काही बोलता येत नाही, आणि घरी अम्मी शेजारच्या खोलीत असतात. ह्यांनी खूप वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, ‘अब्बांच्या खबरीच्या दिवशी जहाजावर बावीस लोकांना बिर्याणी हवी होती, जुमा होता. केली मी.’ ही गोष्ट त्या दिवसापर्यंत आम्हाला माहीत नव्हती. त्या रात्री भात लागला आणि तसाच खाल्ला.

मॉन्टेव्हिडिओ शहराला नदीच्या, म्हणजे जवळजवळ समुद्राच्या, कडेने वीस किलोमीटरहून लांब रस्ता आहे, त्याला राम्ब्ला म्हणतात. तिथलं माणूस काखेत थर्मास आणि हातात ‘माते’चा भोपळा घेऊनच घराबाहेर पडतं. येर्बा माते या झाडाची वाळवलेली पानं भोपळ्यात भरतात, वर गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ओढतात. त्या नळीचं नाव ‘बोंबिशा’. ह्यांना ते ‘बोंबील’ ऐकू आलं आणि अर्धा दिवस हसत होते. उरुग्वेत हे झाड पिकत नाही, पानं मुख्यतः ब्राझीलहून येतात, तरी पिण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. एकच भोपळा, एकच नळी, सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचं. भरणारा एकच असतो. भोपळा परत देताना ‘ग्रासियास’, म्हणजे शुक्रिया, म्हटलं की त्याचा अर्थ होतो ‘आता मला पुरे’. जोवर हवंय तोवर आभार मानायचे नाहीत. आमच्या घरमालकीण, सत्तरीच्या विधवा बाई, यांनी हा कायदा आम्हाला हाताने खुणा करून समजावला.

या बाईंनीच 29 तारखेला जेवायला बोलावलं. दर महिन्याच्या 29 ला तिकडे ‘न्योकी’ करायची रीत आहे, बटाटा आणि मैद्याच्या उकडलेल्या गोळ्या, वर टोमॅटोचा रस्सा. महिनाअखेर हात तंग असतो, त्यात बसणारं जेवण. ताटाखाली एखादी नोट ठेवायची, म्हणजे पुढचा महिना बरकतीचा. त्यांच्या ताटाखालच्या नोटेवर आमचा विश्वास नाही, पण महिनाअखेरीला बटाट्यावर भागवणारं घर आम्हाला लगेच ओळखता आलं. ह्यांनी जाताना घावणे करून नेले. बाईंनी ते दुधाच्या आटवलेल्या गोड साईबरोबर, ज्याला ‘दुल्से दे लेचे’ म्हणतात, खाल्ले. बरे लागतात तसे.

राम्ब्लावर आम्ही रोज असरनंतर बसायचो. लांबवर जहाजं नांगर टाकून उभी. पहिल्या संध्याकाळी ह्यांनी अकरा मोजली. कुठलं रिकामं आहे, कुठलं भरलेलं, हे पाण्यावर किती वर आहे त्यावरून सांगत होते. दिवे लागले. ‘आत्ता गॅलीत भांडी चालली असतील,’ एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात झिलहजचा चाँद दिसला. आपल्याकडे कोर उजव्या अंगाला उजळलेली असते, तिथे ती डाव्या अंगाला कललेली. चाँद मुबारकचा फोन केला तर अम्मी म्हणाल्या, ‘ईदच्या आत घरी या, बकरा कोण बघणार?’

आता घरचं. आमच्या सव्वीस दिवसांच्या आरामात नणंदेचे सव्वीस दिवस घरात राबण्यात गेले. त्या स्वतःच्या मुलांना घेऊन येऊन राहिल्या, अम्मींच्या गोळ्या, पाण्याचा टँकर, आंबे उतरवणं सगळं त्यांच्यावर. कुणाची फुरसत कुणाच्या अंगावर पडते हे सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्या आणि दुलाभाई कुठे जाणार असतील तर त्यांची मुलं आमच्याकडे राहतील, असं ठरलंय. दुलाभाई अजून ‘बघू’ म्हणतात.

शाळा सुरू झाली, पाऊस लागला. ह्यांनी स्वयंपाकघरात पाय ठेवला तेव्हा अम्मींना ते रुचलं नाही. जहाजावर बावीस परक्यांना रांधलं तर ती नोकरी, घरात रांधलं तर लोक काय म्हणतील! पंधरा दिवस त्या कालवणात मीठ कमी आहे म्हणत होत्या. हल्ली म्हणतात मसाला जास्त आहे. आम्ही त्याला सुधारणा धरतो. शाळेतून पावणेसहाला घरी आलो की कप तयार असतो, आणि तो आधी आमच्या हातात येतो. अम्मींचा दुसरा. या एका कपाच्या क्रमावरून घरात दोनदा अबोला झालेला आहे.

जेटीवर गेलो का? दोनदा. एकदा पाऊस आला, एकदा धोपाव्याच्या फेरीबोटीतून उतरलेले पाहुणे भेटले आणि सरळ घरी आले.

गेल्या सोमवारी ह्यांच्या कंपनीचा फोन आला. चार महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, पगार आधीपेक्षा चांगला, ऑक्टोबरमध्ये जहाज पकडायचं. मुलीला तिच्या आवडीच्या कॉलेजात, बाहेरगावी घालायचं तर हे पैसे लागतील. मुलगी म्हणते, ‘अब्बा, जाऊ नका, मी इथेच शिकेन.’ तिने असं म्हणावं हे आम्हा दोघांनाही नकोय. वरच्या स्लॅबचं नाव अम्मींनी पुन्हा काढलंय. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं आहे. आज बुधवार, हे लिहीत बसलो आहोत आणि आतून विचारणा झाली की डाळ किती घालू. दोन वाट्या म्हणून सांगितलंय. आवाजावरून चार पडल्यासारख्या वाटतात.